जावयाच्या आडनावाचा सातबारा

लेकीचं लग्न डब्लिनच्या मुलाशी ठरलं तेव्हा साताऱ्याच्या आत्याबाईंनी फोनवर विचारलं, "आडनाव काय म्हणालीस?" मी म्हटलं, "ओ'मॅली." पलीकडे क्षणभर शांतता. मग घाबऱ्या आवाजात, "अगं बाई, कोण मेली?"

तेव्हापासून घरात हे आडनाव थट्टेचा विषय झालं. पण मी तहसील कचेरीत एकतीस वर्षं काढलेली बाई, निवृत्त झाले तेव्हा अव्वल कारकून होते. वारस नोंदी, फेरफार, हरकती यातच आयुष्य गेलं. आडनाव दिसलं की त्याची मूळ नोंद कुठली, हा प्रश्न मनात येतोच. यंदा जूनमध्ये नातीला भेटायला गेलो, तेव्हा जावयाला म्हटलं, "राजवाडे, कारंजी नकोत. तुझं गाव दाखव." तो म्हणाला, "आई, गाव मलाच माहीत नाही. पणजोबा मेयोकडचे, एवढंच ऐकलंय."

मग ठरलं. मी, हे, लेक, जावई आणि चार वर्षांची नात. पाच दिवस.

दिवस पहिला: डब्लिन

किल्डेअर स्ट्रीटवरच्या नॅशनल लायब्ररीत पूर्वज शोधणाऱ्यांना मोफत सल्ला मिळतो. टेबलापलीकडच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "धर्म कोणता आणि पॅरिश कोणता?" (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग.) मला एकदम कचेरीत आल्यासारखं वाटलं. आम्हीही समोरच्याला आधी गाव आणि गट नंबरच विचारायचो.

मी विचारलं, जुनी जनगणना बघू या का? त्या हसल्या. १९२२ च्या जून अखेरीस, यादवी पेटली तेव्हा, फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या जनगणनेची कागदपत्रं जवळजवळ सगळी जळाली. ठीक, आग कुणाच्या हातात नसते. पण १८६१ आणि १८७१ ची कागदपत्रं सरकारनेच नष्ट केलेली, आणि १८८१, १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्याला घातलेली! आमच्याकडे अभिलेखांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते आणि 'ड' यादी लवकर रद्दीत जाते. इथे कुणीतरी अख्ख्या देशाची माणसं 'ड' यादीत टाकली होती.

हाती राहिल्या १९०१ आणि १९११ च्या जनगणना. त्या इंटरनेटवर फुकट बघता येतात, कुटुंबप्रमुखाच्या नावाचा मूळ फॉर्म जसाच्या तसा. आम्ही 'ओ'मॅली' टाकलं, मेयो जिल्हा निवडला, पणजोबांचं नाव घातलं. काही नाही. अर्धा तास गेला. बाई मागून येऊन म्हणाल्या, "ओ काढा." काढला, तरी नाही. "आता मेली घालून बघा, आणि मेलिया." आणि सापडलं की घर! लेकीने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आत्याबाई बरोबरच होत्या.

आयरिश भाषेतलं मूळ नाव 'ओ मॉल्या'. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. 'मॅक' म्हणजे मुलगा. इंग्रजी अमलाखाली सतराव्या-अठराव्या शतकांत हा 'ओ' लोकांनी गाळला किंवा गळाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भाषेची चळवळ उभी राहिली, गेलिक लीग १८९३ ची, आणि मग हळूहळू लोकांनी तो परत लावला. जावयाच्या पणजोबांनी लावला नव्हता, मधल्या कुणीतरी लावला. म्हणजे एकाच घरात दोन आडनावं आणि फेरफार नोंद कुठेच नाही.

आणखी एक गंमत. 'ओ' फक्त पुरुषांना. मुलगी असेल तर 'नी', आणि पुढच्या शब्दाचा उच्चारही बदलतो. मॉल्याची मुलगी 'नी वॉल्या', बायको 'इ वॉल्या'. म्हणजे लेक कुणाची आणि सून कुणाची हे आडनावातच कळतं. इंग्रजीत आल्यावर सगळेच ओ'मॅली झाले.

फॉर्मवर वय, धर्म, लिहितावाचता येतं का, आयरिश बोलता येतं का, अशी सगळी माहिती. दुसऱ्या फॉर्मवर घराची: भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, पुढच्या बाजूला खिडक्या किती. आमच्या घराला खिडक्या दोन, छप्पर गवताचं. पणजोबांच्या आईचं वय १९०१ मध्ये ५८, आणि १९११ मध्ये ७२. मी मोठ्याने हसले. जावयाला वाटलं चूक आहे. चूक कसली! १९०८ साली म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला आणि पात्रता वय सत्तर. जन्मनोंदणी सुरू झाली १८६४ ला, त्याआधीच्या माणसाकडे दाखला असणार कुठून? त्या दहा वर्षांत सगळ्या आयर्लंडमधल्या म्हाताऱ्या भराभर मोठ्या झाल्या. श्रावणबाळ योजनेचे अर्ज मी स्वतः तपासलेत. या विहीणबाईंना मी लांबूनच हात जोडले.

*शोधायला बसणाऱ्यांसाठी:* आडनावाची किमान चार रूपं घालून बघा. गावापेक्षा लहान एकक असतं, त्याला टाउनलँड म्हणतात. ते कळलं तर अर्धं काम झालं. कॅथलिक चर्चची बाप्तिस्म्याची जुनी पुस्तकंही लायब्ररीने इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत, पण अक्षर लावायला डोळे लागतात. आणि शेंगेन व्हिसावर आयर्लंडला जाता येत नाही, वेगळा काढावा लागतो.

निघताना बाईंनी माझा पूर्वीचा हुद्दा विचारला. सांगितल्यावर म्हणाल्या, "मग तुम्हाला आवडेल." युरोपात सगळ्यात आधी नोंदलेल्या वंशपरंपरागत आडनावांपैकी एक आयरिशच. ९१६ साली वारलेल्या एका सरदाराचं, 'ओ क्लेरी'. अर्थ? क्लेरीच्या वंशातला, आणि 'क्लेरी' म्हणजे कारकून. मूळ अर्थ चर्चमधला लिहितावाचता माणूस, पण मी कारकून एवढंच ऐकलं आणि तिथल्या तिथे खूश झाले. आमचं आडनाव कुलकर्णी.

दिवस दुसरा: वेस्टपोर्ट

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टला तीन तासांच्या वर लागतात. वाटेत हिरवं, मग आणखी हिरवं. आमचे हे आंबोलीत वाढलेले, ते म्हणाले, "पाऊस तोच, फक्त थंड."

राहायला घरगुती खोली घेतली होती. मालकीणबाई साठीच्या, गुडघ्यांनी बेजार. दार उघडताच ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "लिओच्या गावाकडचे का तुम्ही?" म्हणजे लिओ वराडकर, दोनदा पंतप्रधान झालेले. वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. ह्यांनी लगेच सिंधुदुर्गाचा नकाशा टेबलावर बोटाने काढला. मी सांगितलं, 'कर' म्हणजे त्या गावचा. बाईंना नवल वाटलं. "म्हणजे तुमच्याकडे माणूस गावाचा असतो? आमच्याकडे आजोबाचा असतो." एवढ्या चपखल शब्दांत मला सांगता आलं नसतं. जावयाचं आडनाव ऐकून त्यांनी तोंडभरून उच्चारलं, "ओ-मेल्या!" माझ्याकडे बघून नातही ओरडली, "आजी, मेल्या!" आमच्या घरात ही शिवी आहे हे तिला पक्कं माहीत होतं.

दुपारी वेस्टपोर्ट हाउस. श्रीमंतांचा वाडा: उंच खिडक्या, तळं, हिरवळ. पण खाली तळघरात जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, आणि तो किल्ला ओ'मॅलींचा. बागेत ब्राँझचा पुतळा आहे, ग्रॉन्याचा.

आता ग्रॉन्याबद्दल सांगायलाच हवं. जन्म साधारण १५३०. बाप ओवेन दुव्दारा ओ'मॅली, मेयोच्या या किनारपट्टीचा सरदार. या कुळाची सत्ता समुद्रावर. चौदाव्या शतकातल्या एका कवीने लिहून ठेवलंय की ओ'मॅलींमध्ये दर्यावर्दी नाही असा भला माणूस झालाच नाही, आणि हवामान सांगावं ते यांनीच. ग्रॉन्या स्वतः गलबतं चालवायची, खंडणी घ्यायची, लढायची. इंग्रज तिला समुद्री लुटारू म्हणत. आपल्या आंग्रेंनाही म्हणायचेच.

त्या वाड्यात उभी असताना एक गोष्ट लक्षात आली आणि पुढचे तीन दिवस डोक्यातून गेली नाही. वाडा बांधला ब्राउन घराण्याने. सतराव्या शतकात जॉन ब्राउनने मॉड बर्कशी लग्न केलं. ही मॉड म्हणजे ग्रॉन्याची खापरपणती. पुढे ब्राउन मंडळी मार्क्विस ऑफ स्लायगो झाली, हजारो एकरांचे मालक. म्हणजे ग्रॉन्याचं रक्त वाड्यात राहिलं, पण आडनाव ब्राउन.

आणि ओ'मॅली हे आडनाव कुठे राहिलं? संध्याकाळी खोलीवर लॅपटॉप उघडून ग्रिफिथचं व्हॅल्युएशन बघितलं. १८४७ ते १८६४ या काळात झालेली सगळ्या आयर्लंडची आकारणी. रकाने बघून डोळे निवले: कब्जेदार, जमीन कुणाकडून घेतली, वर्णन, क्षेत्र एकर-रूड-पर्चमध्ये, आकार. हा तर सातबाराच! कब्जेदाराच्या रकान्यात मॅली, मॅली, मेली. आणि शेजारच्या मालकाच्या रकान्यात पानभर एकच नाव, मार्क्विस ऑफ स्लायगो.

जावई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. "म्हणजे आम्ही खंड कुणाला भरत होतो?"

"आजीच्या लेकीच्या नातवंडांना," मी म्हटलं. नातं काटेकोर नव्हतं, पण समजलं त्याला.

दिवस तिसरा: बोट नाही

सकाळी क्लेअर आयलंडला जायचं होतं. रूनाच्या धक्क्यावर पोचलो तर वाऱ्यामुळे बोट रद्द. निरोप आला होता म्हणे, आमच्या फोनला रेंज नव्हती. तीस किलोमीटर आलो तसे परत. नात गाडीत ओकली. ह्यांची टोपी धक्क्यावरून जी उडाली ती अमेरिकेच्या दिशेने गेली.

*म्हणून:* निघण्याआधी बोटवाल्यांना फोन करा, आणि बेटासाठी एक दिवस राखीव ठेवाच. छत्री नेऊ नका, मोडते. टोपीचा रेनकोट हवा.

वाटेत लुईसबर्गला थांबलो. सुपाचा वाडगा आणि काळपट सोडा ब्रेड. मी मासे खात नाही, ह्यांनी माशांचं दाट पांढरं सूप दोनदा मागवलं. बटाटा मात्र प्रत्येक ताटात होता. एका ताटात तर दोन प्रकारचा. डब्यातला लसणाची चटणी लावलेला बटाटा हॉटेलवाल्या मुलीला चाखायला दिला. तिने डोळे पुसत "लव्हली" म्हटलं.

गावामागे किलगीव्हरचं जुनं कबरस्तान आहे. तिथे गवत काढणारे एक आजोबा भेटले. 'मॅली' विचारल्यावर त्यांनी खुरप्याने चार दिशा दाखवल्या. इथे मॅली, तिथे मॅली, त्या भिंतीला ओ'मॅली, कोपऱ्यात मेलिया. एकाच आडनावाची इतकी घरं की ओळखायला बापाचं, आजोबांचं नाव पुढे लावायचे, किंवा लाल केस, आखूड पाय अशी विशेषणं. आमच्याकडेही एका वाडीत तीस पाटील असले की 'खालच्या अंगाचे', 'विहिरीवरचे' करावंच लागतं. आमची नेमकी कबर सापडली नाही. आजोबा म्हणाले, गरिबांच्या कबरीवर अक्षरं नसतात, साधा धोंडा असतो. मग त्यांनी असे पाचसहा धोंडे दाखवले, गवतात बुडालेले.

परतीच्या वाटेवर मुरिस्क. मागे क्रोग पॅट्रिक, ७६४ मीटरचा उभा शंकूसारखा डोंगर; जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी. पायथ्याशी ओ'मॅलींनी दिलेल्या जमिनीवर १४५७ साली बांधलेला मठ, आता बिनछपराचा. आणि रस्त्याच्या बाजूला दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक, जॉन बेहन यांनी घडवलेलं, १९९७ मध्ये उभारलेलं. लांबून ब्राँझचं जहाज दिसतं. जवळ गेलं की कळतं, शिडांच्या दोरखंडांच्या जागी हाडांचे सापळे आहेत, एकमेकांना धरून उडत असलेले. १८४५ पासूनच्या त्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तेवढीच देश सोडून गेली. नातीने विचारलं, "ही माणसं का उडतायत?" कुणीच काही बोललं नाही. शेवटी हे म्हणाले, "वारा आहे ना."

दिवस चौथा: क्लेअर आयलंड

आज समुद्र असा शांत की कालचा तोच का, असं वाटावं. बोटीवर आमच्यासोबत किराणा, एक कुत्रा आणि शाळेतली तीन मुलं. वीसेक मिनिटांत बेट. कायमची वस्ती दीडशेच्या आसपास.

धक्क्यावर उतरताच ग्रॉन्याचा बुरूज, चौकोनी, दगडी, बंदराकडे तोंड करून. आत बघायला फारसं काही नाही. पण वरच्या खिडकीच्या रेषेत उभं राहिलं की सगळा क्लू बे दिसतो. लोक म्हणतात या खाडीत वर्षाच्या दिवसांइतकी, ३६५ बेटं आहेत. इथून गलबत लपणं शक्य नव्हतं आणि येणाऱ्याला हिचं लपलेलं दिसणं शक्य नव्हतं.

मठ मात्र चुकवू नका. बाहेरून साधा, पण आतल्या छतावर मध्ययुगातली चित्रं आहेत: ड्रॅगन, हरणं, घोडेस्वार, वीणेसारखं हार्प वाजवणारा. रंग विटलेले, पण मान वर करून बघत राहिलं की एकेक आकृती हळूच पुढे येते. भिंतीत ओ'मॅलींची शिळा: रानडुक्कर, धनुष्यं, वल्ह्यांचं जहाज. खाली लॅटिनमध्ये 'टेरा मारीक्वे पोटेन्स', जमिनीवर आणि समुद्रावर बलवान. ग्रॉन्या इथेच पुरली आहे असं बेटावरचे लोक मानतात. जावयाने शिळेवरच्या जहाजावरून बोट फिरवलं. एरवी तो असल्या गोष्टींना हसतो.

बोटीला वेळ होता म्हणून उतारावर बसलो. तिरप्या उन्हात डोंगरावर समांतर रेघा दिसत होत्या, अगदी वरपर्यंत. बोटीवरच्या माणसाने सांगितलं, बटाट्याचे जुने वाफे. दुष्काळाआधी माणसं इतकी होती की जिथे बकरी चढेल तिथे बटाटा लावला. पुन्हा कुणी नांगर घातला नाही, म्हणून वाफे तसेच. १८९५ मध्ये काँजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड या सरकारी मंडळाने हे बेट विकत घेतलं आणि विखुरलेले तुकडे मोडून प्रत्येकाला सलग पट्टे आखून दिले. एकत्रीकरण योजना! किती भांडणं झाली असतील हे मी डोळे मिटून सांगू शकते.

तिथे बसून मी सगळ्यांना ग्रॉन्याच्या अर्जाची गोष्ट सांगितली. १५९३ मध्ये, साठी ओलांडलेली ही बाई थेट लंडनला गेली आणि ग्रिनिचच्या राजवाड्यात राणी एलिझाबेथला भेटली. कारण कॉनॉटचा (मेयो ज्यात येतो त्या प्रांताचा) इंग्रज गव्हर्नर रिचर्ड बिंगहॅम याने तिची जनावरं, जहाजं, सत्ता सगळं हिसकावलं होतं आणि मुलगा टिबोट कैदेत होता. भेटीआधी तिला अठरा प्रश्नांची यादी दिली गेली. आईबाप कोण, नवरे कोण, मुलं कोण, आयरिश रिवाजात विधवेला काय मिळतं? तिने उत्तर दिलं की आमच्याकडे सरदाराच्या विधवेला जमिनीत तिसरा हिस्सा मिळत नाही, हुंडा परत मिळाला तर मिळाला. हा सरळ वारस जबाब आहे. अशा शेकडो बाया माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्यात. राणीने बिंगहॅमला लिहिलं, हिच्या पोटापाण्याची सोय मुलांच्या मिळकतीतून करून द्या.

आणि गंमत बघा. पुढे १६३० च्या दशकात मिहॉल ओ क्लेरी आणि साथीदारांनी आयर्लंडचा सगळा इतिहास वर्षवार लिहून काढला. कारकुनाच्या वंशातला माणूस, काम चोख. त्यात ग्रॉन्याचं नाव नाही! ती आज कागदावर आहे ती शत्रूच्या दप्तरात. ओ क्लेरींबद्दलचा माझा अभिमान तिथेच थोडा उतरला.

दिवस पाचवा: रॉकफ्लीट

गाडी डब्लिनकडे वळवण्याआधी न्यूपोर्टच्या पुढे रॉकफ्लीटला गेलो. (सायकल चालवणाऱ्यांनी वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल ही बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची वाट जरूर धरावी. आम्हाला गुडघ्यांनी परवानगी दिली नाही.) खाडीच्या टोकाला चार मजली एकटा बुरूज. भरती येत होती, पायऱ्यांखालचं शेवाळ आणि समुद्री गवत पाण्यावर उचललं जात होतं. दार बंद.

हा बुरूज ग्रॉन्याच्या दुसऱ्या नवऱ्याचा, रिचर्ड बर्कचा. दंतकथा अशी की लग्न एक वर्षाच्या बोलीवर झालं. वर्ष भरलं तेव्हा नवरा बाहेर होता. हिने दार लावून घेतलं आणि वरून सांगितलं, मी तुला सोडलं. बुरूज तिच्याकडेच राहिला. पुढे दोघांचं पुन्हा जमलंही, पण बुरूज तिचाच. टिबोट हा या दोघांचा मुलगा. १६२७ मध्ये तो पहिला व्हायकाउंट मेयो झाला. आडनाव अर्थात बर्क.

लेक गाडीला टेकून उभी होती. म्हणाली, "आई, हिला शाळेत घालताना नाव काय लावायचं यावर आमचं अजून ठरलं नाहीये." जावई म्हणाला, "नी वॉल्या लाव की." लेक म्हणाली, "आणि कुलकर्णी कुठे गेलं?" हे खाडीकडे बघत राहिले. मीही त्यात पडले नाही. हरकतीची मुदत अजून संपली नव्हती.

नातीला मात्र ग्रॉन्याची गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. मी तिला माझ्या पद्धतीने सांगितली होती. ती पायऱ्या चढून त्या बंद दाराशी गेली आणि दोन्ही मुठींनी लाकडावर थापा मारायला लागली.

"चिऊताई, चिऊताई, दार उघड!"

पाणी खालच्या पायरीला लागलं तसं जावयाने तिला उचललं. तरी त्याच्या खांद्यावरून ती आतून आल्यासारखं बारीक आवाजात उत्तर देत होती, "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते."